मूल हरवलंय आणि घरचे काहीतरी लपवताहेत : अशी कादंबरी लिहिणाऱ्यांचे नेहमीचे प्रश्न

हरवलेलं मूल आणि घरातल्या कुणाची तरी दडवलेली ओळख, या जोडगोळीवर थरारक कादंबरी लिहायला घेणारे बरेच आहेत आणि अडकतात ते ठरावीक जागी. त्या जागांविषयीचे प्रश्न इथे घेतले आहेत. काही मांडणीचे, काही वैद्यकाचे, काही तपासाचे.

रहस्य एक ठेवायचं की दोन?

दोन, पण एकमेकांत अडकलेली. फसलेल्या मसुद्यांत ती शेजारीशेजारी चालतात. अर्धी कादंबरी शोधाशोध, मग माळ्यावर एक जुनं पत्र सापडतं आणि उरलेली अर्धी कादंबरी घराण्याचं गुपित. यातलं एक रहस्य काढून टाकलं तरी दुसऱ्याला धक्का लागत नाही.

कसोटी अशी घ्या : घरात काहीच दडवलेलं नसतं तर मूल किती लवकर सापडलं असतं? उत्तर "तेवढाच वेळ लागला असता" असं आलं, तर तुमच्याकडे दोन अर्ध्या कादंबऱ्या आहेत. दडवलेली ओळख शोधाच्या आड आली पाहिजे. घरच्यांना मूल हवंय आणि गुपितही राखायचंय, आणि ही दोन्ही एकत्र जमत नाहीत, हा खरा ताण.

"आड येते" म्हणजे प्रत्यक्षात काय होतं?

पहिल्या दिवशी पोलीस घरच्यांकडे काय मागतात त्याची यादी करा : अलीकडचा फोटो, अंगावरचे कपडे, शरीरावरच्या खुणा, शेवटचं कुणी कधी पाहिलं, आजार आणि औषधं, घरात येणाऱ्याजाणाऱ्यांची आणि नातेवाइकांची नावं, मुलाचा टूथब्रश किंवा कंगवा, आणि पुढे लागला तर डीएनएसाठी आईवडिलांच्या गालाच्या आतल्या बाजूचा नमुना. आता प्रत्येक बाबीपुढे लिहा : हे दिलं तर घरातलं कोणतं खोटं उघडं पडेल?

वडील जन्मदाते नसतील आणि ते फक्त आईलाच ठाऊक असेल, तर नमुन्याचा विषय निघाल्यावर ती टाळाटाळ करेल. नातेवाइकांच्या यादीतून एक भाऊ गाळला जाईल, आणि तोच मुलाला ओळखणारा असेल. एक दुवा तर फारसा कुणी वापरत नाही. मूल बरीच वर्षं बेपत्ता असेल तर "आता ते कसं दिसत असेल" असं चित्र तयार करतात. अमेरिकेत बेपत्ता मुलांसाठी काम करणारी राष्ट्रीय संस्था मूल अठरा वर्षांचं होईपर्यंत साधारण दर दोन वर्षांनी आणि नंतर दर पाच वर्षांनी असं चित्र नव्याने करते. चित्रकार आईवडिलांचे त्याच वयातले फोटो मागतो. चुकीच्या बापाचा फोटो दिला की चित्र चुकणार, आणि चुकीचा चेहरा वर्षानुवर्षं भिंतींवर लागणार. आईला हे माहीत आहे. एवढ्या एका प्रसंगावर पाच प्रकरणं उभी राहतात.

लिहायला सुरुवात कुठून करायची?

खऱ्या हकिकतीपासून. कादंबरीचं पहिलं प्रकरण लिहिण्याआधी घडलेलं सगळं तारखेच्या क्रमाने, सरळ, तीनचार पानांत लिहून काढा. रहस्य नको, वर्णन नको. मग तीन रकान्यांचा तक्ता करा : खरं काय घडलं, घरात काय सांगितलं जातं, नायिकेला (किंवा नायकाला) त्या क्षणी काय माहीत आहे. प्रत्येक ओळीला वर्ष, महिना आणि प्रत्येक पात्राचं वय.

वयांमध्ये सर्वाधिक चुका होतात. गर्भारपणाचे 40 आठवडे शेवटच्या पाळीपासून मोजतात, गर्भधारणेपासून मोजले तर ते 38 भरतात. आईच्या प्रवासाच्या तारखा आणि मुलाचा जन्मदिवस या दोन आठवड्यांत चुकतात आणि कुणीतरी वाचक ते बरोबर पकडतो. हाच हिशोब धागा म्हणूनही कामाला येतो. घरात सांगितलं जातं की मूल सातव्या महिन्यात झालं. पण लसीच्या कार्डावर जन्माचं वजन तीन किलो. अठ्ठावीस आठवड्यांचं बाळ किलोभराच्या आसपास असतं. कार्डाचा उल्लेख चौथ्या प्रकरणात एका ओळीत करा, अर्थ तिसाव्यात लावा.

हरवताना मूल किती वर्षांचं असावं?

या एका आकड्यावर बाकी सगळं ठरतं, म्हणून तो घाईत ठरवू नका.

दोन वर्षांच्या आतलं मूल असेल तर त्याला स्वतःचं काहीच आठवणार नाही. खोटं टिकवायला सर्वांत सोपं, पण मग पुरावा बाहेरूनच यावा लागतो : कागद, रक्त, एखादं माणूस. सात वर्षांपुढचं मूल स्वतःचं पूर्ण नाव, घर, शाळा सांगू शकतं. त्याला गप्प ठेवायला भीती किंवा मोठी थाप लागते ("तुझे आईवडील गेले", "त्यांनीच तुला दिलं"), आणि ती थाप कशी बिंबवली हे पटेल असं दाखवायला जागा लागते.

तीन ते साडेचार हा पट्टा सर्वांत कसदार. प्रौढ माणसांची सर्वांत जुनी आठवण सरासरी तीन ते साडेतीन वर्षांची असते. शिवाय पाचसहा वर्षांच्या मुलाला तिसऱ्या वर्षातलं बरंच आठवत असतं आणि आठनऊ वर्षांचं होईतो त्यातलं पुष्कळ पुसलं जातं. म्हणजे पळवून नेलेलं मूल आधी आठवतं आणि मग विसरतं. ते "माझं नाव हे नाही" म्हणत असतानाची दोन वर्षं, आणि ते म्हणणं बंद होण्याचा दिवस. पळवणाऱ्या बाईच्या नजरेतून तो दिवस लिहून पाहा.

मग मोठेपणी त्याला काय आठवेल?

तुकडे. क्रम नसतो, संवाद नसतात, तारखा तर नसतातच. टेबलाची खालची बाजू, कुणाच्या तरी साडीचा काठ, विशिष्ट फरशीचा गारवा, एक वास. तीन वर्षांच्या मुलाचे डोळे जमिनीपासून अडीच ते तीन फुटांवर असतात, दृश्य तिथूनच दिसलं पाहिजे. गाडीचा नंबर आणि पळवणाऱ्याचं अख्खं वाक्य आठवणारं तीन वर्षांचं मूल दिसलं की वाचकाचा विश्वास उडतो.

आठवण खरीच असेल असंही नाही. 1995 साली प्रसिद्ध झालेल्या एका गाजलेल्या प्रयोगात 24 जणांना, लहानपणी तुम्ही खरेदीच्या ठिकाणी हरवला होता, अशी न घडलेली घटना घरच्यांच्या साक्षीने सांगितली गेली. साधारण चौथाई लोकांना ती पूर्ण किंवा अंशतः "आठवली". तुमच्या पात्राला खोटी आठवण देणारं घरातलंच कुणी असू शकतं, आणि हेतू वाईट असलाच पाहिजे असंही नाही.

मातृभाषा विसरते का?

हो, जवळजवळ पूर्ण. कोरियात जन्मून तीन ते आठ वर्षांच्या वयात फ्रान्समध्ये दत्तक गेलेल्या प्रौढांना कोरियन वाक्यं ओळखता आली नाहीत, असं 2003 मधल्या अभ्यासात दिसलं. मात्र चीनमधून बाळपणीच कॅनडातल्या फ्रेंचभाषक घरांत गेलेल्या मुलींचा मेंदू चिनी स्वरांना चिनी बोलणाऱ्यांसारखाच प्रतिसाद देतो, असं 2014 मध्ये आढळलं, जरी त्यांना त्या भाषेतला एक शब्दही येत नव्हता. त्यामुळे नायिका अचानक विसरलेल्या भाषेत बोलू लागते हे टाळा. ती भाषा शिकायला बसते आणि एखादा अवघड उच्चार पहिल्याच दिवशी तिच्या तोंडून नीट निघतो, इतकं चालेल.

डीएनए चाचणीने एका झटक्यात सगळं उलगडत नाही का? मग कादंबरी उरते कुठे?

नेमकं उलट. चाचणी नीट समजून घेतली तर कादंबरीला नवा मधला भाग मिळतो.

पालक आणि मूल यांच्यात निम्मा डीएनए सारखा असतो. सख्ख्या भावंडांत सरासरी निम्मा. सावत्र (एक पालक समान) भावंडांत सुमारे 25 टक्के. आजी, मावशी, आत्या, काका, मामा यांच्याशीही सुमारे 25 टक्के. चुलत, मावस, आते किंवा मामे भावंडांत साडेबारा. आता मधला आकडा पुन्हा पाहा. 25 टक्के जुळणारी बाई तुमची सावत्र बहीण असेल, आत्या असेल किंवा आजी असेल, नुसत्या टक्केवारीवरून ठरत नाही. वय, इतर नातेवाइकांशी जुळणी यांवरून ठरवावं लागतं. नायिकेने चुकीचा अंदाज केला तर ती शंभर पानं चुकीच्या दारावर उभी राहते, आणि तिला मूर्ख न ठरवता.

आणखी काही जागा, प्रत्येकीत एक कथानक दडलेलं :

पितृत्व चाचणीत वडिलांच्या सख्ख्या भावाचा नमुना दिला तर बऱ्याच ठिकाणी जुळणी दिसते. प्रयोगशाळेला भावाची शक्यता सांगितली नसेल तर गोंधळ होऊ शकतो. बाप एकसारख्या जुळ्यांपैकी असेल तर नेहमीची चाचणी दोघांत फरक करूच शकत नाही. पेशींतल्या मायटोकाँड्रिया या सूक्ष्म भागांतला डीएनए फक्त आईकडून येतो, त्यामुळे आई, मावशी आणि आईची आई यांच्यात तो भेद करत नाही. वाय गुणसूत्र बापाकडून मुलाकडे जातं, मुलीकडे नाही. अस्थिमज्जा प्रत्यारोपण झालेल्या माणसाच्या रक्तात दात्याचा डीएनए सापडतो. कापलेल्या केसांना मूळ नसतं, म्हणून नेहमीच्या प्रयोगशाळेला त्यातून पूर्ण ओळख मिळत नाही. जपून ठेवलेल्या बटेवर भिस्त ठेवणारी मसुद्यातली आजी इथे निराश होते. डबीत ठेवलेला दुधाचा दात त्या मानाने बरा.

अहवालाची भाषाही नीट हवी. "डीएनए जुळला" असं कुणी लिहीत नाही. नातं नाकारलेलं असतं, किंवा नात्याची शक्यता टक्क्यांत दिलेली असते.

आईवडील जिवंत नसतील तरी वाट बंद होत नाही. अर्जेंटिनात 1976 ते 1983 च्या लष्करी राजवटीत कैदेतल्या स्त्रियांची बाळं पळवून दुसऱ्या घरांत वाढवली गेली. त्यांना शोधणाऱ्या आज्यांची संघटना 1977 मध्ये उभी राहिली. मधली पिढी मारली गेलेली, म्हणून थेट आजीआजोबांवरून नातं ठरवायची पद्धत शास्त्रज्ञांकडून बसवून घेतली, 1987 मध्ये त्यासाठी राष्ट्रीय जनुकीय माहितीपेढी झाली आणि आजवर 130 हून अधिक नातवंडांची ओळख पटली. काहींनी चाचणीला विरोध केला, कारण वाढवणाऱ्यांवर खटला भरला जाईल ही भीती. मोठं झालेलं मूल सत्य नाकारतं, हे कादंबरीकारांना सुचत नाही, पण घडतं.

रक्तगटावरून गुपित फोडलं तर?

जुनं तंत्र, पण नीट वापरलं तर चालतं. दोघंही ओ गटाचे असतील तर मूल सहसा ओच होतं. एबी गटाच्या पालकाला ओ गटाचं मूल सहसा होत नाही. "सहसा" म्हणायचं कारण बॉम्बे रक्तगट. 1952 साली मुंबईत प्रथम नोंदवलेल्या या दुर्मीळ प्रकारात नेहमीच्या तपासणीत माणूस ओ गटाचा दिसतो, पण त्याच्या जनुकांत ए किंवा बी असू शकतं आणि ते मुलात उतरतं. म्हणजे रक्तगटाने संशय घ्यायचा आणि शेवटी आई निर्दोष ठरायची, असा चकवाही शक्य आहे. एवढं मात्र करा की डॉक्टर पात्राला हे आधीच माहीत नसण्याचं कारण द्या.

डोळ्यांचा रंग, कानाची पाळी, हनुवटीची खळी यांवर निकाल देऊ नका. त्यांची आनुवंशिकता शाळेत शिकवतात तितकी सरळ नाही.

जन्मखूण, लॉकेट, अर्धा फोटो?

फसवा धागा म्हणून ठेवा. उत्तर म्हणून नको.

तक्रार करायला 24 तास थांबावं लागतं ना?

पडद्यावरून पसरलेला समज. मूल बेपत्ता असेल तर लगेच कळवायचं असतं. अमेरिकेत तर 1990 पासून मुलांच्या बाबतीत थांबण्याचा नियम ठेवायलाच कायद्याने मनाई आहे, आणि 1996 मध्ये टेक्सासमध्ये सुरू झालेली अँबर सूचना (पळवलेल्या मुलाची माहिती लोकांना तातडीने कळवण्याची व्यवस्था) तासाभराच्या घाईवरच उभी आहे. कादंबरीत 24 तास हवेच असतील तर ते घरच्यांनी लपवाछपवीत घालवलेले दाखवा. तेच जास्त भयंकर.

पोलीस सर्वप्रथम घरच धुंडाळतात, हेही पुष्कळ जण विसरतात. कपाटं, पलंगाखाली, गाडीची डिकी, पाण्याची टाकी. त्या झडतीत घरच्यांची एखादी लपवलेली वस्तू हाती लागते आणि तिचा मुलाशी काही संबंध नसतो. गुपिताची पहिली चाहूल द्यायला याहून चांगली जागा नाही. मोबाइल टॉवरवरून मिळतो तो परिसर, घर क्रमांक नव्हे, हेही लक्षात असू द्या.

पळवणारा अनोळखी असावा की ओळखीचा?

प्रत्यक्षात बेपत्ता मुलांमध्ये स्वतःहून निघून गेलेली आणि घरातल्याच कुणी नेलेली मुलं फार मोठ्या संख्येने असतात. अनोळखी माणसाने उचलून नेणं त्यामानाने विरळ. आपल्या विषयाला तर ओळखीचाच हवा. पण त्याच्याकडे दुष्टपणाखेरीज कारण हवं. "हे मूल माझंच आहे" असं त्याला वाटत असेल, आणि ते काही अंशी खरंही असेल, तर खलनायक आपोआप भरीव होतो.

मराठीत लिहिताना निवेदक कोण हे लपवता येतं का? आमचं गुपित पहिल्याच वाक्यात फुटतं.

फुटणारच. "मी घरी आले" म्हटलं की बाई, "आलो" म्हटलं की पुरुष. तिरप्या टाइपातला निनावी "मी" इंग्रजीत आरामात लपतो, मराठीत क्रियापद त्याला पकडून देतं. मार्ग आहेत. सकर्मक भूतकाळ कर्माकडे झुकतो : "मी दार उघडलं, पत्र वाचलं, दिवा मालवला." भविष्यकाळ सुरक्षित : "मी जाईन." रीतिभूतकाळही : "मी रोज तिथे जात असे." "मला वाटलं", "माझ्या लक्षात आलं", "मी म्हटलं" चालतं, "मी म्हणालो/म्हणाले" चालत नाही. फसवी क्रियापदं म्हणजे विसरणे, शिकणे, पिणे, समजणे : सकर्मक असूनही ती कर्त्याप्रमाणे बदलतात. अशी निवेदनं एका वेळी तीनचारशे शब्दांहून लांबवू नका, बेतलेपण जाणवू लागतं.

नात्यांचे शब्दही असेच. "आंट" म्हणून भागत नाही. मावशी, आत्या, काकू, मामी यांतून बाजू कळते. मात्र मावशी, काका, मामा परक्यांनाही म्हणतात. आत्या सहसा कुणी उगाच म्हणत नाही. शेजारीण म्हणून ओळख करून दिलेल्या बाईला लहान मूल एकदाच, बेसावधपणे "आत्या" म्हणून जातं. चाणाक्ष वाचक तिथे थांबेल, बाकीचे पुढे जातील. असा धागा भाषांतरात जगत नाही, आपल्याकडे फुकट मिळतो.

धागे किती पेरायचे आणि कुठे?

सत्तरऐंशी हजार शब्दांच्या कादंबरीत मुख्य उलगड्यासाठी तीन धागे, त्यांतला पहिला पहिल्या पाचव्या हिश्शात. एक धागा वस्तूचा, एक वागण्याचा, एक बोलण्याचा, अशी वाटणी चांगली. वस्तूंच्या यादीत धागा मधे लपवा, कारण यादीचं पहिलं आणि शेवटचं लक्षात राहतं. किंवा धाग्यानंतर लगेच भांडण, फोन, अपघात असं काही आणा.

वाचकाला उत्तर आधीच कळतं त्याची कारणं बहुधा धाग्यांत नसतात. ज्या पात्राला कथेत दुसरं कामच नाही ते पात्र ओरडून सांगतं की गुपित माझ्याकडे आहे. म्हणून गुपित जपणाऱ्या माणसाला स्वतःची एक वेगळी अडचण द्या : कर्ज, आजारपण, नोकरीतला घोळ. त्याचं संशयास्पद वागणं तिथे खपून जातं. दुसरं कारण, "तुझे लहानपणीचे फोटो आगीत जळाले" हे वाक्य. ते वाचलं की सगळ्यांना कळतं. त्याऐवजी फोटो असू द्यात, भरपूर, फक्त ते सगळे विशिष्ट वयानंतरचे, आणि ते कुणी मोजलेलेच नाहीत.

सापडलेलं मूल खरं मूल नसेल, ही कलाटणी पटेल का?

पटेल. 1912 मध्ये लुईझियानात चार वर्षांचा मुलगा बेपत्ता झाला, काही महिन्यांनी एका फिरस्त्याजवळ एक मुलगा सापडला आणि कुटुंबाने त्याला आपला म्हणून घरी नेलं. दुसरी एक आई तो आपला असल्याचं सांगत राहिली. 2004 मध्ये वंशजांच्या डीएनए चाचणीने दाखवलं की त्या घराचं त्याच्याशी रक्ताचं नातं नव्हतं. फसवणूक करणारा कुणी नसतानाही हे घडू शकतं, कारण हरवलेल्या मुलाच्या आईला "हा नाही" म्हणणं फार जड जातं. कादंबरीत ओळखण्याचा प्रसंग लिहाल तेव्हा आईचा हात आधी पुढे येऊ द्या, नजर नंतर.

मसुदा पूर्ण झाल्यावर काय तपासायचं?

कथा अजिबात माहीत नसलेले तीन वाचक शोधा. मत विचारू नका. फक्त समासात खूण करायला सांगा : कुणावर, कोणत्या पानावर संशय आला. तिघांनाही निम्म्याच्या आत खरं उत्तर कळलं तर धागे नव्हे, आधी ते रिकामं पात्र शोधा. एकालाही शेवटपर्यंत कळलं नाही आणि उलगड्यानंतर "अरे, हे तर होतंच की" असं कुणीच म्हणालं नाही, तर दुसरा धागा फार खोल गेलाय. तो संवादात आणा. दोघांना कादंबरीच्या सत्तर टक्क्यांच्या आसपास संशय येऊन पुन्हा मावळला असेल तर त्या पानांना हात लावू नका.